मानाची साडी आणि राघोची सायकल

त्या वैशाखात राहनाळपासून पडघ्यापर्यंत इतकी लग्नं निघाली की हळद कुटून कुटून उखळांना घाम फुटला. बायका खाडीवर हात धुवायच्या, त्याने पाणी पिवळं पडलं आणि तीन दिवस जाळ्यात पिवळी बोयटं आली. ती ज्यांनी खाल्ली त्यांची लग्नं पुढच्या वर्षी जमली. खोटं वाटत असेल तर त्या वर्षी जमलेल्या जोडप्यांना विचारा, त्यांच्या अंगाला अजून मासळीचा वास येतो.

अशा धामधुमीत केसरीनाथच्या पोरीच्या, तुळजाच्या हळदीचा दिवस उजाडला. गावात उजाडायच्या आधी तो आक्काच्या दाराशी उजाडला, कारण गेली चार वर्षं तसंच चाललं होतं.

केसरीनाथ ओट्यावर मिश्री लावत बसला होता. शेजारच्या दाराची कडी वाजली तसं त्याने तोंड खाडीकडे फिरवलं. दोन घरं, ओटा एकच. मधोमध चुन्याची रेघ. त्या रेघेवर राघोची सायकल उभी, पुढचं चाक आक्काच्या बाजूला, मागचं केसरीनाथच्या.

"केसऱ्या," आक्का रेघेपाशी येऊन म्हणाली, "आज नवा दिवस हाय. कालचं मी टाकलं. साडीचं पण सोडलं. तू पण सोड."

केसरीनाथने पिंक टाकली आणि सायकलीकडे बघून म्हणाला, "सायकल, तिला सांग, आज घरात कार्य हाय. आजच्या दिवस तरी माझं डोकं खाऊ नको."

"देवाची माया रोज सकाळी नवी निघते, केसऱ्या. तव्यावरच्या भाकरीसारखी. कालची शिळी ठेवून चालत न्हाय."

"सायकल, तिला सांग, मला शिळीच आवडते."

आक्का हसली आणि आत गेली. हसली याचाच केसरीनाथला जास्त राग आला. सख्खी थोरली बहीण; एकोणीस वर्षं ती पण सायकलीलाच बोलायची, आणि काय बोलायची. त्या शिव्यांनी सायकलीचा कॅरिअर वाकला होता, राघोने तो तीनदा सरळ करून घेतला. तेव्हा भांडणाला वजन होतं. माणूस रात्री झोपताना विचार करायचा, उद्या काय ऐकवायचं. आता ही रोज सकाळी येणार, सगळं पुसून टाकणार आणि परत पहिल्यापासून गोड बोलणार. माणसाने राग धरायचा तरी कधी? त्याला मुरायला वेळ लागतो की नाही?

आक्काच्या या नव्या दिवसाची गोष्ट थोडक्यात सांगतो. बहात्तर साली पोटाच्या दुखण्याने ती मिशनच्या दवाखान्यात दोन महिने पडून होती. रेघेच्या पलीकडून कोणी बघायला गेलं नाही. तिथे व्हरांडा झाडणारी एक बाई रोज सकाळी तिच्या खाटेशी यायची आणि म्हणायची, आक्का, आज नवा दिवस आहे. एकदा आक्काने तिच्या अंगावर पेजेचं भांडं फेकलं. दुसऱ्या दिवशी बाई परत आली, तेच बोलली. आक्काने विचारलं, काल मी भांडं फेकलं ते विसरलीस का ग? बाई म्हणाली, न्हाय विसरले, खांदा दुखतोय. पण मला आज सकाळी देवाकडनं नवं मिळालंय, त्यातलं तुला देते. यावर काय बोलावं ते आक्काला सुचलं नाही, आणि आक्काला न सुचणं ही त्या तालुक्यात पहिलीच घटना होती.

पुढे अकलोलीच्या गरम कुंडात तिचा बाप्तिस्मा झाला. थंडीचे दिवस म्हणून पाळकसाहेबांनी ते पाणी निवडलं. वाफेने त्यांच्या चष्म्याच्या काचा भरल्या आणि आक्का समजून त्यांनी आधी शेजारी गुडघे शेकत बसलेल्या एका गूळवाल्याला बुडवला, असं म्हणतात. मी तिथे नव्हतो, त्यामुळे मला हे अगदी खात्रीने माहीत आहे.

असो. तर त्या सकाळी आक्का आत गेली आणि तासाभरात सावळाराम भिवंडीहून आला तो कपाळावर हात मारत.

सावळाराम हा केसरीनाथच्या बायकोचा, हौसाचा धाकटा भाऊ, म्हणजे तुळजाचा मामा. भिवंडीत पॉवरलूमच्या कारखान्यात लूम लावणारा-दुरुस्त करणारा जॉबर. दिवसभर लूमच्या खडखडाटात राहिल्यामुळे साधं बोलणंही ओरडून करायचा.

"दाजी, सत्यानाश," तो केसरीनाथला म्हणाला. "पडघ्याची धवळारीण गेली कामातनं."

"मेली?"

"मरती तर दुसरी बघितली असती. आवाज बसला. महिन्यात चौदा लग्नं गायली. मी गेलो तर तोंड उघडलं, नुसती हवा. पंक्चर ट्यूबसारखी."

केसरीनाथ खाली बसला. आमच्याकडे भट येतो, मंगलाष्टका म्हणतो, दक्षिणा घेतो, जातो. पण धवळारणीने हळदीपासून उंबऱ्यापर्यंत सगळे धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, गायल्याशिवाय लग्न लागलं असं कोणी मानत नाही. आणि या घरात तर ते जास्तच खरं होतं. तेवीस वर्षांपूर्वी याच ओट्यावर एक लग्न अर्धं गायलेलं राहिलं होतं.

"दुसरी कोण?"

"सगळ्या लागल्यात. मी अंजूरपर्यंत जाऊन आलो. मेरी मानो तो रेकॉर्ड लावू. लाउडस्पीकरवाला पेहचानका है."

"रेकॉर्डवर माझ्या पोरीचं लग्न लावतोस?"

"मग काय मी गाऊ?"

स्वयंपाकघरात हौसा वड्यांचं पीठ मळत होती. तिने सगळं ऐकलं. हात थांबले नाहीत. तिने तुळजा पाळण्यात असतानाच ठरवलं होतं, ही पोर या घरातून पुरी गाऊन जाईल. एकही ओळ राहू द्यायची नाही. स्वतः हौसा या घरात आली ती कुणी गाऊन आणली नव्हती. उंबऱ्याबाहेर उभी राहिली, पायाची मेंदी वाळून तडकली, आणि शेवटी सासूने हाताला धरून आत ओढली, विहिरीतून घागर ओढावी तशी. तेवीस वर्षं झाली. चार पोरं झाली, घराला कौलं बदलली, सासूसासरे गेले. तरी सकाळी केर काढताना उंबऱ्याशी आली की झाडू आपोआप हळू व्हायचा. आपण अजून बाहेरच आहोत, असं वाटायचं. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार कुणाला, सायकलीला?

बाहेर तुळजा आली. अंगाला हळद लागायची होती, पण रंग आधीच उडालेला.

"बाबा, आत्याला सांगा."

केसरीनाथ परत मिश्री लावू लागला.

"आत्याला सगळे धवळे येतात. आख्ख्या पट्ट्यात तिच्याइतके कुणाला येत न्हायत."

"तिनेच तर वाट लावली होती," सावळाराम ओरडला. हळू बोलतोय असं त्याला वाटत होतं. "माझ्या बहिणीला उंबऱ्यावर उभी करून गेली. मी दहा वर्षांचा होतो, करवल्यात उभा होतो. अर्ध्या धवळ्यात उठली आणि चालू लागली. का? तर मानाची साडी सहावारी दिली म्हणे. आमच्या बापाने नऊवारीच्या जागी सहावारी दिली, तिचा अपमान झाला. त्यात आता ती ख्रिश्चन. पडघ्याचे व्याही काय म्हणतील?"

रेघेपलीकडे आक्का लसूण सोलत बसली होती. तिला सगळं ऐकू येत होतं. भिवंडीतल्या लूमवाल्यांनाही आलं असेल.

"सायकल," केसरीनाथ दमून म्हणाला, "तिला विचार, गाणार का म्हणून."

"सायकल," राघो आतून येत म्हणाला, "मला जरा टेकू दे ग." राघो आक्काचा नवरा, गोदामावर वॉचमन, रात्रपाळी करून नुकताच आलेला. सायकल त्याची, पण चालवायला त्याला क्वचित मिळायची. दोन्ही घरांतल्या कोणाला ना कोणाला तिच्याशी बोलायचं असायचं.

"माणूस चार हातांवर बसलंय," सावळाराम चिडला, "और आप लोग सायकलसे बात कर रहे हो. पागल आहात का सगळे?"

"तू काल आलास," केसरीनाथ म्हणाला. "आम्ही तेवीस वर्षं करतोय. सवय हाय."

आक्काने लसणाचं सूप बाजूला ठेवलं. "गाईन मी," ती म्हणाली. "तुळजासाठी गाईन. पण एक सांगते, देवांची नावं मी घेणार न्हाय. हळदीचं, भाताचं, मायबापाचं, उंबऱ्याचं, सगळं गाईन. देवांचं कोणी दुसऱ्याने घ्या."

"आणि तुझे पाळकसाहेब?" राघोने विचारलं.

"रविवारी मीच सांगन त्यांना. रागावले तर ऐकून घेईन."

"लग्नात दर दोन ओळींनी देव येतो," केसरीनाथ सायकलीला म्हणाला. "तिला सांग, तेवढ्यापुरतं काय तोंड बंद करून बसणार?"

यावर कोपऱ्यातून ठकुबाईचा आवाज आला. ठकुबाई म्हणजे आक्काची जुनी साथीदार, धवळ्यात मागून ओळ ओढणारी. ऐंशीच्या पुढची, दात नाहीत, डोळ्यांत फुलं पडलेली. सकाळपासून तिथे होती, पण सगळ्यांनी तिला हळदीच्या पोत्याबरोबर मोजलं होतं.

"नावं मी घेते," ठकुबाई म्हणाली. "मला बाकी काय बी आठवत न्हाय. पोरांची नावं पण न्हाय. देवांची तेवढी राहिलीत."

झालं. केसरीनाथने मान हलवली, म्हणजे होकारच. तुळजाच्या तोंडावर थोडा रंग परत आला. प्रकरण इथेच संपायचं, आणि मी पण हात धुऊन वडे खायला बसलो असतो. पण आक्काला समाधान आवरलं नाही.

"बघ केसऱ्या," ती म्हणाली, "मी सगळं सोडलंय. मनात काय ठेवलं न्हाय. तुमच्याकडनं ती साडी तशी आली, ते पण मी देवापुढे केव्हाच माफ केलंय."

आत परात आपटल्याचा आवाज झाला.

हौसा बाहेर आली. कोपरापर्यंत पीठ. या बाईने सासरच्या ओट्यावर तेवीस वर्षांत आवाज चढवला नव्हता, आणि आताही चढवला नाही. "थांबा," एवढंच म्हणाली आणि परत आत गेली. पत्र्याच्या पेटीचं झाकण वाजलं. परत आली ती त्या दिवशी आक्का टाकून गेलेल्या मानाच्या साडीची घडी घेऊन, हिरवी, काठ अजून लखलखीत. चार बोटं जाड.

"सावळ्या, मोज."

"काय?"

"तू कापडातला ना? मोज."

सावळारामने घडी हातात घेतली, दोन बोटांत चुरगळली आणि त्याच्या तोंडावरचा भाव बदलला. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत धरून तो मोजू लागला. एक हात, दोन हात. सहा. नऊ. साडी उलगडत गेली, ओट्यावरून खाली उतरली. बारा हात झाले तेव्हा सगळे पुढे सरकले, कारण सहावारी तिथे संपते. साडी संपली नाही. चौदा. सोळा.

"अठरा," सावळाराम म्हणाला. पहिल्यांदाच हळू. "नऊ वार पुरे. वर चार बोटं जास्त. ऐंशीचं सूत हाय हे, बारीक. म्हणून घडी एवढीशी. बाबाने कुठून आणलं असेल त्या काळात."

"मुंबईहून," हौसा म्हणाली. "दोन दिवस चालून."

"मग तेव्हा का न्हाय सांगितलं?" केसरीनाथने विचारलं.

"उंबऱ्यावरच्या नवरीने सांगायचं? माझा बाप म्हणाला, दिलेलं कापड मोजून दाखवायला मी काय दुकानदार हाय? आणि उठून गेला. तुम्ही काय केलंत? तुम्ही तेवीस वर्षं बहिणीशी भांडलात. तीन वारासाठी घर मोडलं म्हणून भांडलात. तीन वार. म्हणजे तुम्हाला पण ती सहावारीच वाटत होती. पेटी तुमच्या उशाशी हाय. कधी उघडलीत?"

केसरीनाथने सायकलीकडे बघितलं. सायकलीने काही मदत केली नाही.

हौसा आक्काकडे वळली. "वन्सं, चार वर्षं तुम्ही रोज सकाळी माझ्या दारात येता. केसऱ्या, सोडलं. केसऱ्या, माफ केलं. मी आत चुलीपाशी ऐकते. रोज सकाळी तुम्ही माझ्या बापाला माफ करता. त्याने काय केलं होतं? आणि मला एकदा तरी हाक मारलीत? माझ्या डोक्यावरनं नवऱ्याशी बोलता. रोजचा नवा दिवस तुम्हा भावाबहिणीचा. मी अजून तिथेच उभी हाय, त्या दिवशी."

ठकुबाई कोपऱ्यातून म्हणाली, "सहावारी मीच बोलले होते आक्काच्या कानात. मला तेव्हा पण नीट दिसत नव्हतं."

तिच्यावर ओरडायलाही कुणात जोर उरला नव्हता.

आक्का उठली. ओट्यावर पसरलेली अठरा हातांची हिरवळ ओलांडली, पायाने स्पर्श होऊ न देता, आणि आपल्या घरात गेली. दार लागलं.

"गेली," सावळाराम म्हणाला. "फिरसे गेली. तेव्हा पण असंच दार लागलं होतं."

तुळजाने भिंतीला पाठ टेकली. संध्याकाळी पडघ्याहून उष्टी हळद घेऊन माणसं येणार होती.

राघो जांभई देत उठला आणि आपल्या दारातून आत गेला. झोपेचं खोबरं झालंच होतं.

आक्का कणगीपाशी गुडघ्यांवर बसली होती. प्रार्थना करते तशीच, पण ओठ हलत नव्हते.

"लोक थांबलेत," राघो म्हणाला.

"अहो, चार वर्षं," आक्का म्हणाली. "चार वर्षं मी देवाला सांगत होते, मी त्यांना माफ केलं, बघ मी किती सोडलं. त्याला तर ठाऊकच असणार, साडी किती हात हाय ते."

"असणार."

"काय म्हटलं असेल त्याने?"

"मला काय विचारतेस? तुझा देव. माझ्याशी तर सायकल पण बोलत न्हाय."

आक्काला रडू आलं, हसू आलं, नीट कोणतंच आलं नाही. दवाखान्यातली ती बाई तिला आठवली. खांदा दुखतोय, म्हणाली होती. पेजेचं भांडं विसरले असं नव्हती म्हणाली. नवा दिवस म्हणजे कालचा दिवस झालाच नाही असं धरणं, हे आक्काने आपल्या सोयीने लावून घेतलं होतं. बाईचा तो दुखरा खांदा तिने हिशेबात धरलाच नव्हता. आणि तरीही ती बाई दुसऱ्या सकाळी आली होती. म्हणजे दुसरी सकाळ होती. भांडं फेकणाऱ्या माणसालाही होती.

"उद्या सकाळी जाईन," ती म्हणाली. "हौसाकडे. नव्याने. आज तोंड दाखवायची हिंमत न्हाय."

राघोचा सगळा संयम तिथे संपला. रात्रभर जागा, पोटात चहा नाही, बाहेर लग्न अडलेलं. "आक्के, तुझ्या पुस्तकात नवा दिवस सकाळीच लागतो असं लिहिलंय का? चार वर्षं माझी पहाटेची झोप मोडलीस. एक दिवस दुपारी लाव."

मला विचाराल तर त्या चार वर्षांत तिला कुणी ऐकवलेलं सगळ्यात चांगलं प्रवचन तेच. पाळकसाहेबांना सांगू नका.

आक्काने तोंडावर पाणी मारलं. मागच्या दाराने निघाली, घराला वळसा घातला आणि पुढून, अंगणातून, केसरीनाथच्या दाराशी आली. रेघेवरून आली नाही. गावातली सगळी कुत्री तेव्हा भुंकायची थांबली असं म्हणतात, पण उकाडा होता, त्यामुळेही असेल.

"हौसा."

हौसाने वर बघितलं. या घरात आल्यापासून नणंदेने तिला नावाने हाक मारल्याचं तिला आठवत नव्हतं.

"मी तुझी साडी मोजली न्हाय. तुझ्या बापाचा अपमान मी केला आणि तुला बाहेर उभी केली. त्यात माफ करायला माझ्याकडे काय नव्हतं. मागायलाच पायजे होतं. माफ कर, करायची असली तर. न्हाय केलीस तरी तुळजाचं सगळं गाईन."

हौसाने हाताचं पीठ खरवडलं. "वन्सं, वडे तळायचेत. तेल तापलंय."

"एवढंच करते. बाहेर ये. उंबऱ्याच्या बाहेर उभी राहा."

"आता? या वयात?"

"आता."

हौसा वैतागली. तुळजाकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, जमलेल्या शेजारणींकडे बघितलं. पोरीच्या हळदीच्या दिवशी आई नवरी होऊन दारात उभी राहणार, हसतील लोक. पण पाय गेले. "लवकर गा," ती म्हणाली. "तेल जळतंय."

आक्काने गळा साफ केला. एकोणीस वर्षं तो गळा भांडणाला आणि चार वर्षं प्रार्थनेला वापरला होता, धवळ्याला नाही. पहिली ओळ घोगरी आली.

*कोन उभी दारी गो, कोन आली दारी,*
*खाडी वलांडून आली नवरी गो आमची भारी.*
*उंबऱ्या, सर बाजूला, वाट दे तिला,*
*हिच्या पावलांनी भात भरेल कणगीला.*

तिथे देवांची नावं येतात. आक्काने तोंड मिटलं आणि ठकुबाईने कोपऱ्यातून एकदम बारा देव सोडले, बंदुकीतून छर्रे सुटावेत तसे. मग आक्काने पुढची ओळ उचलली. अशी सातही कडवी झाली. एकही ओळ राहिली नाही. हौसा रडली नाही. पीठ लागलेले हात अंगापासून दूर धरून उभी राहिली, आणि शेवटच्या ओळीला उजवा पाय आत टाकला. आत गेल्यावर मात्र बराच वेळ बाहेर आली नाही. तेल खरंच जळलं होतं. पहिला घाणा काळा निघाला, आणि तो सावळारामने तक्रार न करता खाल्ला.

पुढचं काय सांगू. हळद झाली, लग्न झालं, तुळजा पुरी गाऊन पडघ्याला गेली. ठकुबाईला ऐन लग्नात देव कमी पडले तेव्हा तिने आठवतील ती नावं जोडली, त्यात सावळारामच्या कारखान्याच्या शेठचं नाव दोनदा आलं. पडघ्याचे व्याही खूश. इतके देव आमच्याकडे कुणी बोलावले नव्हते, म्हणाले. आणि आक्काच्या अंगावर ती हिरवी साडी होती. हौसाने ती तिच्यापुढे टाकली होती. "नेसायची तर नेसा. मला परत घडी घालायचा कंटाळा आलाय."

वरातीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे केसरीनाथ ओट्यावर येऊन बसला. घर रिकामं वाटत होतं. बोटावर मिश्री घेतली. शेजारची कडी वाजली. त्याने तोंड खाडीकडे फिरवलं आणि मनात उत्तर तयार केलं. आज जरा सौम्य द्यायचं असं त्याने ठरवलं होतं. पोरीचं सगळं नीट झालं होतं.

पावलं आली. त्याच्या पाठीमागून गेली. त्याच्या दाराशी थांबली.

"हौसा, आज नवा दिवस हाय. माफ कर मला."

"परवा केलं की," आतून हौसाचा आवाज.

"ते परवाचं. आज आजचं मागते."

"म्हणजे रोज येणार?"

"रोज."

आत भांडं आपटलं. "मग आत येऊन मागा. दारात उभं राहून माझी चूल अडवू नका. आणि येताना ते लाकूड आणा."

केसरीनाथ वाट बघत होता. पावलं लाकडाकडे गेली, परत आली, उंबऱ्याशी पोचली. त्याच्याकडे कोणी वळेना. तोंडात मिश्री, मनात तयार उत्तर, आणि विचारणारं कोणी नाही. त्याने सवयीने सायकलीकडे बघितलं. सायकल जागेवर नव्हती. राघो पहाटेच भाड्याची पातेली परत करायला भिवंडीला गेला होता. चुन्याच्या रेघेवर तेलाचा एक डाग तेवढा होता.

डागाशी काय बोलणार?

"आणि मला?" केसरीनाथ म्हणाला.

आक्का उंबऱ्यावर थांबली. हातात लाकूड. तेवीस वर्षांनी आवाज सरळ तिच्याकडे आला होता, मधे कुठेही न थांबता.

"मला आज काय न्हाय का सांगायचं?" तो आणखी चिडून म्हणाला.

"सांगते की," आक्का म्हणाली. "आधी चूळ भर, केसऱ्या."

तो उठला आणि चूळ भरायला गेला.